पाण्याला पहाटे विचारावं

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरातल्या दोन नोंदी आहेत. तळं नंबर एक, सकाळ, पीएच ७.८. तळं नंबर एक, दुपार, पीएच ८.७. दोन्हींच्या शेजारी पेन्सिलीनं काढलेलं मोठं प्रश्नचिन्ह. ते मी अजून खोडलेलं नाही.

मी कॉमर्सची. पनवेलला एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं हिशेब लिहिले. तिथे रात्री वही मिटताना जी शिल्लक असते, तीच सकाळी वही उघडताना असते; रात्रीतून ती कुणी खात नाही. मामेभाऊ बोटीवर नोकरीला लागला, मामाला तळ्यांवर घरचं माणूस हवं होतं, म्हणून मी पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठी त्याच्याकडे राहायला आले. "तुला आकड्यांची सवय आहे," असं म्हणून मामानं पाण्याची वही माझ्या हातात दिली. मला वाटलं, काम ओळखीचं आहे. मोजायचं, लिहायचं, बेरीज जुळवायची.

मामाची दोन तळी, प्रत्येकी अर्ध्या हेक्टरची. पूर्वी तो टायगर कोळंबी करायचा. २००९ नंतर देशात वनामी कोळंबीची शेती सुरू झाली. ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. हळूहळू सगळे तिकडे वळले तसा तोही वळला. मी आले तेव्हा मार्चचा पहिला आठवडा होता आणि प्रत्येक तळ्यात दीड लाख बी सोडून झालं होतं. बी म्हणजे पापणीच्या केसाएवढी पिलं. तळ्यात ती दिसतही नाहीत. दिसतं ते फक्त पाणी. म्हणून चार महिने पाण्यालाच विचारत राहायचं, की आत सगळं बरं आहे ना.

विचारायची साधनं मामानं खोलीतल्या फळीवर मांडून ठेवली होती. पीएच मीटर, विरघळलेला प्राणवायू मोजणारा डीओ मीटर, खारटपणा बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, अमोनियाचं किट, आणि दोरीला बांधलेली काळ्या-पांढऱ्या चतकोरांची एक ताटली. मामेभावानं लिहिलेली जुनी वहीही तिथेच होती. तिच्यात तारीख, तळ्याचा नंबर आणि आकडे, एवढेच रकाने. मी तेच रकाने नव्या वहीत आखून घेतले. त्या क्षणी केलेली चूक मला मेअखेर कळली.

पहिल्या दिवशीच पीएचनं गोंधळात टाकलं. सकाळी ७.८ आणि त्याच ठिकाणी, त्याच मीटरनं, दुपारी ८.७. मी धरून चालले की मीटर बिघडला. पीएच ४, ७ आणि १० ची बफर द्रावणं आणली, मीटर पुन्हा जुळवला, प्रोब धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ०.९ चा फरक म्हणजे हिशेबात पैशांचा फरक, सोडून द्यावा, असंही एकदा वाटलं. पण ही मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं ती मांडली, तेव्हापासून तिच्यातला एक अंक म्हणजे दहापट. माझा ०.९ म्हणजे जवळजवळ आठपट होता. सहा तासांत पाणी आठपट बदललं होतं आणि मी मीटरला दोष देत होते.

डीओ मीटरनं तर मला रडवलंच. प्रोब पाण्यात सोडला, आकडा आला ६.८, म्हणजे लिटरमागे ६.८ मिलिग्रॅम. लिहायला पेन उघडेपर्यंत ६.५. मग ६.१, ५.७. पाण्यातला प्राणवायू माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललाय असं वाटून मी बांधावरून मामाला हाका मारल्या. तो शांतपणे आला, माझ्या हातातली वायर घेतली आणि प्रोब पाण्यात सावकाश मागेपुढे हलवायला लागला. आकडा चढून ६.८ वर थांबला. मोजण्यासाठी प्रोब स्वतःच आपल्या टोकाजवळचा प्राणवायू वापरतो. तो स्थिर धरला तर टोकापाशी उपासमार होते आणि मीटर तिथलीच बातमी देत राहतो. मोजणारं हत्यारही पाण्यातून काही घेतं, हे मला नवं होतं. हिशेबाच्या वहीत पेन कधी शिल्लक खात नाही.

त्या मानानं काळी-पांढरी ताटली सरळ स्वभावाची. तिला सेक्की डिस्क म्हणतात. आंजेलो सेक्की हे इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. १८६५ साली त्यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात ताटल्या सोडून समुद्र किती खोलवर दिसतो ते मोजलं. आमच्या तळ्यात आमची ताटली ३५ सेंटिमीटरवर दिसेनाशी होत होती. पाणी हिरवं होतं, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तरंगत होतं. ताटली तीसच्या आत दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालं, पंचेचाळीसच्या पुढे दिसत राहिली तर कमी पडलं, एवढं मामानं सांगितलं. मला हिरवा रंग आवडायचा. भरल्या शेतासारखा वाटायचा.

मी रोज दोनदा मोजायचे. सकाळी नाश्ता करून दहाला आणि दुपारी चारला. डीओ सकाळी ६.५ च्या आसपास यायचा, दुपारी ९, कधी १० सुद्धा. पाणी त्या उष्णतेला जेवढा प्राणवायू धरू शकतं, त्याहूनही हा जास्त होता. शेवाळ उन्हात भरभरून तयार करत होतं. कोळंबीला चार-पाच पुरतो असं मला सांगितलं होतं, म्हणजे आमच्याकडे दुप्पट होता. मी प्रत्येक ओळीपुढे "ठीक" असा शेरा मारत गेले. एप्रिलभर वहीत ओळीनं "ठीक, ठीक, ठीक".

एका संध्याकाळी सहज एक गुणाकार केला. अर्धा हेक्टर तळं, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे ६,००० घनमीटर, साठ लाख लिटर पाणी. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू धरला तर अख्ख्या तळ्यात किती? ३० किलो. मी तीनदा ताळा करून पाहिला. तेवढाच. आपण ज्या हवेत उभे असतो, तिच्या एका घनमीटरमध्ये पाव किलोहून थोडा जास्त प्राणवायू असतो. तळ्याच्या एका घनमीटरमध्ये पाच ग्रॅम. दीड लाख जीव, कोट्यवधी शेवाळ आणि तळाचा चिखल, सगळे मिळून तेवढ्या ३० किलोंवर जगत होते. त्या रात्री मला प्रथमच धास्ती वाटली. पण वहीत तर "ठीक" लिहिलेलं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती कुंद हवा. तीन दिवस ऊन असं पडलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला डीओ ६.२ आला. नेहमीपेक्षा कमी, पण पाचच्या वर. मी "ठीक" लिहिलं. मामानं विचारलं, "पाणी कसंय?" मी म्हटलं, "सहाच्या वर आहे मामा." वीज तो नेहमी बघून-बघून खर्च करायचा; माझ्या सहाच्या भरवशावर त्यानं रात्री पाण्यात हवा मिसळणाऱ्या चार एरेटरपैकी दोनच चालू ठेवले.

पहाटे पाचच्या सुमाराला त्याच्या हाकेनं जाग आली. बॅटरीच्या उजेडात एका तळ्याच्या कडेला हजारो लालसर ठिपके चमकत होते. ते कोळंब्यांचे डोळे होते. एरवी तळाशी राहणारा जीव पाण्याच्या वरच्या थरात, काठाला लागून, मंदपणे फिरत होता. काही हातानं उचलता येत होत्या, पळतही नव्हत्या. मामानं चारही एरेटर लावले, खाद्य बंद केलं, मला मीटर आणायला पाठवलं. मी प्रोब सोडला, हलवला, पुन्हा हलवला. १.६.

बारा-तेरा तासांपूर्वी ६.२ होता. माझ्या वहीत लिहिलेला, माझ्या हाताचा.

उजाडल्यावर ऊन पडलं. दहा वाजता पाणी पुन्हा पाचच्या जवळ आलं. आदल्या दिवसांसारखी तेव्हाच आले असते, तर मला काही घडलंय हे कळलंही नसतं. त्या तळ्यातली साधारण पाचवा हिस्सा कोळंबी गेली. तरंगून आलेली आम्ही टोपल्यांनी काढली. तळाशी राहिलेली काढता आली नाही. मामा मला रागावला नाही. बांधावर बसून पाण्याकडे बघत एवढंच म्हणाला, "दुपारी सगळेच श्रीमंत असतात, पोरी. पाण्याला पहाटे विचारायचं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. त्याला खरंच नवल वाटलं. "तो तर पहाटेच मोजायचा," तो म्हणाला. तो म्हणजे मामेभाऊ. मी खोलीत जाऊन त्याची जुनी वही काढली. तारीख, तळं, आकडे. वेळेचा रकाना नव्हता, कारण त्याला तो लागतच नव्हता. तो रोज पाचला उठून आधी तळ्यावर जायचा; वेळ त्याच्या पायांत होती, कागदावर उतरलीच नव्हती. मी त्याचे रकाने उतरवून घेतले आणि त्याची पहाट तेवढी मागे राहिली.

त्या दिवसापासून माझ्या वहीतला पहिला रकाना वेळेचा आहे. तास आणि मिनिटं.

पण असं का होतं ते कळेना. शेवाळ प्राणवायू तयार करतं, मग तळं एवढं हिरवं असताना पहाटे प्राणवायू गेला कुठे? पेणला मामाच्या ओळखीचे कॉलेजातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे सर राहतात. समजावून सांगण्याऐवजी एका रविवारी काचेच्या घट्ट बुचांच्या बाटल्या आणि बॉक्सभर रसायनं घेऊन ते तळ्यावरच आले. एका बाटलीला त्यांनी काळा कागद गुंडाळला, वर चिकटपट्टी मारली. दुसरी उघडी ठेवली. दोन्हींत तळ्याचं तेच पाणी, बुडबुडा राहू न देता भरलं आणि दोन्ही दोरीनं अर्धा हात खोल टांगल्या. तिसऱ्या बाटलीतलं पाणी तिथल्या तिथे तपासलं. गार्डर आणि ग्रान या शास्त्रज्ञांनी नॉर्वेत समुद्राच्या पाण्यावर हाच प्रयोग करून तो १९२७ साली प्रसिद्ध केला होता, असं सर म्हणाले.

तपासायची रीत त्याहूनही जुनी, विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची. आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली मिसळलेलं आयोडाइड सोडायचं. बाटलीत विटकरी-तपकिरी साका खाली बसायला लागतो. "हा बांधून ठेवलेला प्राणवायू," सर म्हणाले. "आता घरी जाऊन मोजला तरी चालेल, पळून जाणार नाही." मग आम्ल घातलं की साका विरघळून पाणी मधासारखं पिवळं होतं. त्यात थेंबाथेंबानं थायोसल्फेट सोडायचं, पिवळा फिकट झाला की स्टार्च घालायचा, पाणी गडद निळं होतं, आणि एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तिथे थांबायचं आणि ब्युरेट वाचायचं. मीटरच्या पडद्यावर आकडे बघताना मला कधी खात्री वाटली नव्हती. तो निळा रंग जाताना पाहिला तेव्हा वाटली. मी मोजत होते ती वस्तू खरोखर तिथे होती.

सुरुवातीला पाण्यात ५.८ होतं. सहा तासांनी उघड्या बाटलीत ९.४ निघालं. काळ्या बाटलीत ४.६.

काळ्या बाटलीत कोळंबी नव्हती, चिखल नव्हता. फक्त पाणी आणि त्यातलं शेवाळ, जिवाणू. सहा तासांत त्यांनीच १.२ खाल्ला होता. बारा तासांच्या रात्रीत २.४ झाला असता. कोळंबीचा आणि तळाच्या चिखलाचा वाटा निराळा. दिवसा कमावणारं शेवाळ रात्री स्वतःच सगळ्यात मोठं खाणारं होतं. ज्या हिरव्या रंगावर मी खूश होते, त्या रंगाची दुसरी बाजू काळ्या कागदात गुंडाळलेली होती. पीएचचंही कोडं तिथेच सुटलं. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आम्लपणा कमी होतो, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, तो वायू पुन्हा पाण्यात साठतो, पीएच उतरतो. दोन्ही आकडे खरे होते आणि मीटरही खरा होता. दोन वेगवेगळ्या वेळी मी दोन वेगळी पाणी मोजली होती.

सरांनी मला रात्रीचा एक हिशेब शिकवला. तो मात्र माझ्या हाताला लगेच बसला. सूर्य मावळल्यावर प्राणवायू जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. म्हणून रात्री दोनदा मोजायचं. आठला ७.०, अकराला ५.५ आला, तर तीन तासांत दीड गेला, तासाला अर्धा. पहाटे साडेपाचला आणखी साडेसहा तास व्हायचे, म्हणजे सव्वातीन आणखी जाणार. उरणार सव्वादोन. आता पहाटेची वाट बघत बसायचं नाही, एरेटर आताच लावायचे. आलेखाच्या कागदावर दोन टिंबं आणि पट्टीनं ओढलेली एक रेघ. मेच्या त्या रात्री एवढं जरी माहीत असतं, तरी दोन एरेटरांचा आणि पाचव्या हिश्शाचा प्रश्न सुटला असता. हे लिहिताना आजही हात जड होतो.

त्या मोडलेल्या तळ्यानं पुढे दहा दिवस त्रास दिला. त्या ढगाळ दिवसांत बरंच शेवाळ मेलं होतं, ते तळाशी कुजत होतं, आणि अमोनिया चढायला लागला. किटच्या नळीतला रंग तक्त्यावरच्या रंगाशी जुळवायचा असतो. ट्यूबलाइटखाली तो मला एक वाटायचा, उन्हात दुसरा. म्हणून रंग नेहमी बाहेर, सावलीत, एकाच जागी उभं राहून बघायचा असं ठरवलं. आकडा आला लिटरमागे १ मिलिग्रॅम. सकाळी एक, दुपारी एक. निदान हा तरी स्थिर आहे, असं वाटून मला बरं वाटलं.

सरांना फोन केला. त्यांनी उलट विचारलं, "पीएच किती?" मी वहीचं तेच पहिलं पान उघडून नेहमीचे आकडे सांगितले, ७.८ आणि ८.७. ते म्हणाले, किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्याची पाण्यात दोन रूपं असतात. एक फारसं बाधत नाही, दुसरं कल्ल्यांतून आत शिरतं आणि विष होतं. कुठलं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. ३० अंश तापमानाला पीएच ७.८ असेल तर विषारी वाटा साधारण ५ टक्के. ८.७ असेल तर एकूणाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. किटचा आकडा दोन्ही वेळा एकच, पण दुपारचा एक हा सकाळच्या एकाच्या पाचपटीहून जास्त घातक होता.

म्हणजे पहाट हीच एक वाईट वेळ नाही. श्वास कोंडायची वेळ पहाटेची आणि विषाची वेळ दुपारची. मामाचं वाक्य मी मंत्रासारखं धरलं होतं; आता त्याला जोड द्यावी लागली. शिवाय कुठलाच आकडा एकट्यानं वाचायचा नाही हेही कळलं. जमेच्या समोर नावे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, तसा अमोनियाच्या शेजारी पीएच, पीएचच्या शेजारी तापमान, आणि सगळ्यांच्या आधी वेळ. त्या दहा दिवसांत दुपारचं खाद्य आम्ही निम्म्यावर आणलं, तळाचं पाणी थोडं-थोडं बदललं आणि उरलेलं तळं सावरलं.

पाणी बदलायचं म्हणजे खाडीचं पाणी घ्यायचं. मला वाटायचं, खाडी बारमाही वाहती, ती काही तळ्यासारखी लहरी नसणार. एका दिवशी सकाळी तिचा खारटपणा २९ आला, दुपारी त्याच धक्क्यावर २१. हजारात आठ भागांचा फरक. आता मी मीटरवर चिडले नाही, पण वेळ लिहूनही उलगडा होईना. दुसऱ्या दिवशी त्याच घड्याळी वेळेला मोजलं तर आकडा निराळा. आठवड्यानं तर सगळं उलटं झालं, सकाळी गोडसर आणि दुपारी खारट.

मामी माझ्यामागे उभी राहून वही बघत होती. ती कोळीवाड्यातली, तिचे वडील होडीवर जायचे. तिनं विचारलं, "तिथी कुठाय?"

मला कळलं नाही. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आज चतुर्थी. चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. पुनवेला, अवसेला बाराच्या सुमाराला." खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरायचं, हेही तिनं सांगितलं. दर तिथीला भरती पाऊण तासानं पुढे सरकते. भरतीला समुद्र आत येतो, पाणी खारट होतं. ओहोटीला अंबा नदीचं पाणी खाली उतरतं, गोडसर होतं. उधाणाच्या दिवसांत जोर मोठा, तळाचा गाळ उसळतो, ताटली वीतभरही दिसत नाही. भांगाच्या दिवसांत पाणी निवळतं. तळ्याचं घड्याळ सूर्याचं आहे. खाडीला त्यासोबत चंद्राचंही आहे. माझ्या मनगटावरचं घड्याळ दोघांनाही पुरेसं नव्हतं.

मी मागच्या तीन आठवड्यांच्या खाडीच्या नोंदी काढल्या, प्रत्येकीपुढे तिथी लिहिली, भरतीची वेळ काढली आणि त्या वेळेपासून किती तास झाले होते ते मांडलं. विस्कटलेले आकडे आपापल्या जागी येऊन बसले. भरतीच्या जवळचे सगळे खारट, ओहोटीच्या जवळचे सगळे गोडसर. शाळा चौथीत सोडलेल्या मामीकडे या खाडीचं गणित होतं. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर होता. दोन्ही एकत्र आली तेव्हा कुठे नोंद पुरी झाली. आता पंप लावायचा तो तिथी बघून, भरतीच्या माथ्यावर. पाणी बारीक जाळीतून आधी साठवण तळ्यात घ्यायचं, तिथे गाळ बसू द्यायचा आणि मगच कोळंबीकडे सोडायचं.

त्याच आठवड्यात सरांच्या बाटल्यांपैकी उरलेली एक घेऊन मी खाडीच्या एका जुन्या फाट्यावर गेले. तिथे गावाचं सांडपाणी येऊन मिळतं. पाणी भरलं, पहिली दोन रसायनं सोडली आणि तपकिरी साका यायची वाट बघत राहिले. साका पांढरा आला. दुधात चुना मिसळावा तसा पांढरा. प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा, हे सरांनी सांगितलं होतं. पण तोवर मी पांढरा कधी पाहिला नव्हता. बांधून ठेवायला त्या बाटलीत काही नव्हतंच. पुढचं आम्ल, थायोसल्फेट, ब्युरेट, कशाचीच गरज उरली नाही. त्या फाट्यात कधीकाळी निवटे मासे मिळायचे असं मामी सांगते. आमच्या तळ्याला चार एरेटर आहेत, मामा आहे, मी आहे. फाट्याला रात्री कोण बघायला जातं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नद्या-तलावांच्या पाण्याच्या प्रती ठरवल्या आहेत. मासे आणि जलचर जगावेत म्हणून लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू, उघड्यावर आंघोळीसाठी किमान ५. कुठल्याही पाण्याबद्दल असा आकडा वाचला की आता माझा हात आपोआप वेळेचा रकाना शोधतो. दुपारी एकला घेतलेल्या नमुन्यात ५ भरला, तर त्याच नदीत पहाटे किती होता? तिथला मासा तर पहाटेही तिथेच होता. नमुना घेणाऱ्यांवर माझा काही आरोप नाही. मीही नाश्ता करूनच मोजायला जायचे. पण आकडा जेवढा खरा, तेवढाच त्याच्या शेजारचा तास खरा लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तास नसेल तर आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या सोयीचा असतो. आणि पाण्यातला जीव आपल्या सोयीनं मरत नाही.

जूनच्या मध्यावर दोन्ही तळी काढली. एक भरघोस, एक तोट्यातलं. मामानं दोन्हींचा हिशेब एकाच पानावर लिहायला लावला.

परवा शेजारच्या गावातले एक काका आले. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा पाळायची रीत जुनी आहे. त्यांच्या आजोबांचं तळं त्यांना पुन्हा उभं करायचंय. "तुझ्याकडे मशीन आहे ना," ते म्हणाले, "आता चल, पाणी चांगलं आहे का तेवढं बघून दे." दुपारचे दोन वाजले होते, कडक ऊन होतं. मी कॅलेंडरकडे पाहिलं, तिथी बघितली आणि त्यांना विचारलं, "काका, आज तुमच्याकडे मुक्कामाला आले तर चालेल? रात्री आठला एकदा बघू, अकराला एकदा. आणि पहाटे पाचला मला उठवा."